विश्रामबागमधला मॅडमचा इंग्रजी ग्रामरचा क्लास : कुणी जावं, कुणी जाऊ नये

सांगलीत इंग्रजीचा चांगला क्लास कुठला हा प्रश्न ऑफिसात, नात्यात, सोसायटीच्या ग्रुपवर सारखा कुणीतरी टाकत असतं, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते. हा क्लास विश्रामबागला आहे, विलिंग्डन कॉलेजपासून चालत जाण्यासारखा, एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर. बोर्ड नाही, क्लासला नाव नाही, जाहिरात तर नाहीच, सगळे नुसतं मॅडमचा क्लास म्हणतात. मॅडम शाळेतून रिटायर झाल्यात आणि त्यांना आपलं नाव-नंबर नेटवर नकोय, म्हणून ते इथे देत नाही. फी तीन महिन्यांची ४,५०० रुपये, आठवड्यातून तीन दिवस, दीड-दीड तास.

आधीच सांगते, हा फाडफाड इंग्लिशचा क्लास नाही. उभं राहून स्वतःची ओळख करून द्या, ग्रुप डिस्कशन करा असलं इथे काही होत नाही. ज्यांना वाक्य लिहिता येतं पण ते बरोबर आहे का याची खात्री नसते, मेल पाठवायच्या आधी जे चारदा वाचतात आणि तरी धाकधूक असते, त्यांच्यासाठी हा क्लास आहे. मी मार्केट यार्डात हळद आणि बेदाण्याच्या एका फर्ममध्ये आहे, बाहेरच्या पार्ट्यांशी सगळा व्यवहार मेलवर, त्यामुळे मला नेमकं हेच पाहिजे होतं. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं, पहिलीपासून ते २००० साली आलं, आणि जे शिकवलं ते म्हणजे टेन्सचा तक्ता पाठ करा, व्हॉइस बदला, गाळलेल्या जागा भरा. मार्क पडायचे. पण असं का, हे कुणी सांगितलं नाही.

मॅडम ते सांगतात, आणि मराठीतून सांगतात. त्यांची पद्धत अशी की कुठलाही इंग्रजी नियम काढायच्या आधी फळ्यावर मराठी वाक्य लिहायचं आणि विचारायचं, आपण हे कसं बोलतो? मग इंग्रजी कुठे आपल्यासारखं चालतं आणि कुठे वाट सोडतं ते दाखवायचं. आपल्या बहुतेक चुका अडाणीपणाच्या नसतात, मराठीचा नियम आपण प्रामाणिकपणे इंग्रजीत पाळत असतो, हे त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं आणि या क्लासची खरी किंमत तीच आहे असं मी म्हणेन.

उदाहरण देते म्हणजे कळेल. 'आय हॅव सेंट द मेल येस्टरडे' हे वाक्य सांगली-मिरज-कुपवाडमध्ये रोज लिहिलं जात असणार. मॅडमनी आधी मराठी लिहिलं, 'मी काल मेल पाठवलाय'. यात काही चूक आहे का? काहीच नाही, 'काल' आणि 'पाठवलाय' मराठीत सुखानं एकत्र नांदतात. इंग्रजीत 'हॅव सेंट' म्हटलं की बोलणारा आत्ताकडे बघत असतो, त्याला एवढंच सांगायचंय की काम झालेलं आहे, आणि 'येस्टरडे', 'लास्ट वीक', 'इन २०१९' असलं काही आलं की आपण संपलेल्या वेळेत शिरलो, तिथे साधा 'सेंट'च लागतो. 'टुडे' किंवा 'धिस वीक' अजून संपलेलं नसतं म्हणून ते 'हॅव'बरोबर चालतं. 'आय हॅव कॉल्ड हिम ट्वाइस धिस मॉर्निंग' हे सकाळी अकरा वाजता बरोबर, पण संध्याकाळी पाच वाजता म्हणायचं तर 'आय कॉल्ड हिम', कारण सकाळ गेली. हे घड्याळाचं उदाहरण ऐकल्यावर वर्गात एकदम शांतता झाली, सगळे वहीत लिहीत होते. अमेरिकेतले लोक 'आय ऑलरेडी सेंट इट' असं सरळ म्हणतात आणि तिथे ते चूक धरत नाहीत, ब्रिटिश पद्धतीत 'हॅव ऑलरेडी सेंट' पसंत करतात, हेही त्यांनी सांगितलं. नाहीतर आपण अमेरिकन पार्टीचा मेल वाचून गोंधळतो.

त्याच्याच शेजारचा प्रकार म्हणजे 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स'. मराठीत 'मी पाच वर्षांपासून इथे काम करते', वर्तमानकाळ, आणि ते बरोबरच आहे, काम चालूच आहे ना. इंग्रजीला मात्र मागून सुरू होऊन इथवर आलेली गोष्ट दाखवायला 'हॅव बीन वर्किंग' पाहिजे, आणि पुढे कालावधी असेल तर 'फॉर', सुरुवातीचा टप्पा असेल तर 'सिन्स'. 'फॉर फाइव्ह इयर्स', 'सिन्स २०१९'. आपल्याकडे दोन्हीला 'पासून' म्हणून दोन्हीला 'सिन्स' लागतं.

मला सगळ्यात आवडलेला भाग 'इफ'चा. 'इफ इट विल रेन, वी विल नॉट लोड द ट्रक' असं आपण लिहितो. मॅडमनी विचारलं, मराठीत 'पाऊस येईल तर' म्हणता का? नाही म्हणत. 'पाऊस आला तर गाडी भरणार नाही'. पाऊस उद्याचा, आभाळात ढगसुद्धा नाही, आणि आपण म्हणतो 'आला'. म्हणजे 'तर'च्या अलीकडे साधा भविष्यकाळ आपण मराठीतही टाळतो, तिथे भूतकाळी रूप घेतो, इंग्रजीनं तिथे वर्तमानकाळ घेतला, 'इफ इट रेन्स'. भविष्यकाळ टाळायची खोड दोघांचीही सारखी. आपण इंग्रजी लिहिताना जास्तच शहाणपणानं तिथे 'विल' घालतो. पलूसहून येणाऱ्या एका मुलानं लगेच विचारलं, मॅडम, 'पाऊस येणार असेल तर' म्हणतो की आपण. बरोबर, आणि इंग्रजीतही 'इफ इट इज गोइंग टु रेन' चालतं, अगदी तसंच. आणि 'इफ यू विल वेट अ मिनिट' हेही बरोबर आहे कारण तिथला 'विल' भविष्याचा नसून तयारीचा आहे, थांबायची तयारी असेल तर, असा.

मग त्या होऊन गेलेल्या गोष्टीवर आल्या. 'मला माहीत असतं तर मी सांगितलं असतं.' बघा, मराठीत दोन्ही बाजूंना 'असतं'. म्हणून आपण इंग्रजीतही दोन्हीकडे 'वुड हॅव' लावतो, 'इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव टोल्ड यू'. इंग्रजीत मात्र 'इफ'च्या बाजूला 'हॅड' आणि निकालाच्या बाजूला 'वुड हॅव', 'इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव टोल्ड यू'. बोलताना अमेरिकेत बरेच लोक आपल्यासारखंच दोन्हीकडे 'वुड' लावतात पण लिहिताना ते चूकच धरलं जातं. हे मी कितीतरी पुस्तकांत वाचलं होतं, डोक्यात बसलं ते त्या दोन 'असतं' खाली मॅडमनी खडूनं रेघा मारल्यावर.

ऑफिसवाल्यांसाठी सर्वात कामाचं काय असेल तर 'पर्यंत'. 'शुक्रवारपर्यंत माल पाठवतो' आणि 'शुक्रवारपर्यंत ऑफिस बंद आहे', आपल्याला एकच शब्द पुरतो, इंग्रजीत दोन आहेत. काम त्या वेळेच्या आत एकदा होऊन संपणार असेल तर 'बाय फ्रायडे', एखादी गोष्ट त्या वेळेपर्यंत चालूच राहणार असेल तर 'टिल' किंवा 'अंटिल फ्रायडे'. 'वी विल डिस्पॅच द गुड्स टिल फ्रायडे' असं लिहिलं तर समोरच्याला वाटेल हे रोज माल पाठवत राहणार आणि शुक्रवारी थांबणार. व्यापारात हे किती महागात पडू शकतं ते यार्डातल्या माणसाला सांगायला नको. शिवाय 'द ऑफिस वोन्ट ओपन अंटिल मंडे' याचा अर्थ सोमवारी उघडेल, त्याच्या आधी नाही, यावर बॅचमधल्या अर्ध्या लोकांचं उत्तर उलटं आलं होतं, तेव्हा मॅडमनी तसली वाक्यं एकामागून एक देऊन पक्कं करून घेतलं.

फोनवर बोलणाऱ्यांसाठी अजून एक. 'माल पोचला नाही का?' यावर आपण म्हणतो 'हो, नाही पोचला'. आपला 'हो' समोरच्याच्या बोलण्याला असतो, तुम्ही म्हणता ते खरं आहे असा. इंग्रजीत 'येस' किंवा 'नो' पुढच्या आपल्याच वाक्याशी जुळलं पाहिजे, म्हणून 'नो, इट हॅजन्ट'. नुसतं 'येस' म्हणून फोन ठेवला तर पलीकडचा माणूस माल पोचला असं धरून चालणार! हे कुठल्याही शाळेच्या पुस्तकात मला वाचल्याचं आठवत नाही.

प्रश्नातला प्रश्न पण छान घेतला. 'फाइल कुठे आहे?' आणि 'फाइल कुठे आहे ते सांगा', मराठीत आतला तुकडा जसाच्या तसा राहतो. इंग्रजीत 'व्हेअर इज द फाइल' हे आत गेलं की सरळ होतं, 'कॅन यू टेल मी व्हेअर द फाइल इज'. तसंच जरी-तरी. मराठीत जोडी लागतेच, नुसता 'जरी' लंगडा वाटतो, म्हणून आपण 'दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट' लिहितो, इंग्रजीला दोघांपैकी एकच पुरे. 'डिस्कस अबाउट', 'रिटर्न बॅक', 'कोप अप विथ', 'इन्फर्मेशन्स', 'फर्निचर्स', 'वन ऑफ माय फ्रेंड' ही यादी एका तासात भराभर उरकली, ती फक्त पाठच करायची गोष्ट आहे असं त्यांचं मत आणि मलाही तेच योग्य वाटतं.

आर्टिकल्सवर मात्र त्यांनी भरपूर वेळ दिला आणि द्यायलाच पाहिजे होता, कारण आपल्याकडे ती नाहीतच. 'अ' की 'ॲन' यासाठी त्यांची युक्ती मी आता घरी पोरांनाही शिकवलीय. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहायचा आणि पहिलं अक्षर बघायचं. स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. अवर, एमबीए, एसटी, एमआयडीसी, सगळे स्वरानं सुरू होतात, म्हणून ॲन अवर, ॲन एमबीए, ॲन एसटी बस, ॲन एमआयडीसी प्लॉट. युनिव्हर्सिटी, युरोपियन, यूपीएस य-नं, वन-वे व-नं, म्हणून अ युनिव्हर्सिटी, अ युरोपियन, अ यूपीएस, अ वन-वे रोड. नियम आवाजाचा आहे, इंग्रजी स्पेलिंगचा नाही, आणि आपली लिपी आवाजच लिहिते, मग तिचा उपयोग का नाही करायचा? इंग्रजी मीडियमच्या मुलांना हे इतकं सहज सांगता येत नाही.

'द' कुठे लावायचा हे अवघड आहे आणि तीन महिन्यांत पूर्ण जमेल असं त्या म्हणतही नाहीत. पण सुरुवात कशी करून दिली बघा. 'मी डॉक्टर शोधतेय' आणि 'मी डॉक्टरांना शोधतेय'. पहिल्यात कुणीही डॉक्टर चालेल, दुसऱ्यात एक ठरावीक डॉक्टर आहेत, ऐकणाऱ्यालाही ते माहीत आहेत. म्हणजे हा फरक मराठी माणसाच्या डोक्यात आधीपासून आहेच, आपण तो कधी 'ला', 'ना' लावून दाखवतो आणि इंग्रजी 'अ डॉक्टर', 'द डॉक्टर' म्हणून. त्यानंतर मग नद्यांना 'द', द कृष्णा, द वारणा, पण गावांना नाही, सांगली, मिरज, तासगाव नुसतंच. 'गो टु स्कूल' म्हणजे शिकायला जाणं, 'गो टु द स्कूल' म्हणजे त्या इमारतीत काही कामानं जाणं, पालकसभेला वगैरे. 'इन हॉस्पिटल' ब्रिटिश पद्धत, ॲडमिट असेल तर, आणि अमेरिकेत तिथेही 'इन द हॉस्पिटल'च म्हणतात. हे शेवटचं मुद्दाम सांगितलं कारण बॅचमध्ये मिरजेच्या हॉस्पिटलमधल्या तीन-चार नर्सताई आहेत, बाहेर जायची तयारी करतायत. त्यांना आयेल्ट्सची परीक्षा द्यायची आहे, तिथे रायटिंगमध्ये चार गोष्टी सारख्या वजनानं तपासतात आणि त्यातली एक ग्रामर, म्हणजे पाव भाग मार्क थेट यावर. उरलेल्या तीन गोष्टींसाठी, म्हणजे निबंध कसा बांधायचा, मुद्दे कसे मांडायचे, शब्द कसे निवडायचे, त्यांना दुसरीकडे जावं लागणार, हा क्लास तेवढा पुरा पडत नाही. मॅडम स्वतःच तसं सांगतात, ॲडमिशनच्या वेळीच.

आता न आवडलेलं. मॅडम मेलमधल्या 'प्लीज डू द नीडफुल'वर लाल रेघ मारतात, ते मला मान्य नाही. जुन्या ब्रिटिश पत्रव्यवहारातून आलेलं ते आहे, व्याकरणात त्यात काही चूक नाही, आज इंग्लंड-अमेरिकेत कुणी फारसं लिहीत नाही एवढंच, पण आपल्या देशातल्या ऑफिसात सगळ्यांना ते कळतं आणि चालतं. परदेशी पार्टीला लिहू नका, तिथे काय करायचं ते स्पष्ट लिहा, असं सांगणं वेगळं आणि चूक म्हणणं वेगळं. मी वर्गात तसं बोलले, त्यांनी ऐकून घेतलं, रेघ तशीच ठेवली. पॅसिव्ह व्हॉइसवर जितका वेळ जातो तितका जायला नको, वाक्यं उलटीसुलटी करायचा तो शाळेतलाच खेळ आहे, त्यापेक्षा पॅसिव्ह नेमका कुठे वापरायचा यावर एखादा तास पुरला असता. नोट्स झेरॉक्सच्या झेरॉक्स आहेत, काही पानं वाचता येत नाहीत, कुणीतरी बसून त्या टाइप करून द्यायला पाहिजेत. रेकॉर्डिंग नाही. एसटीनं तासगाव, पलूस, आष्ट्याहून येणाऱ्या पोरांचा पावसाळ्यात तास बुडाला की बुडालाच, शेजारच्याची वही घ्यायची. चारचाकी आणू नका, गल्ली अरुंद आहे आणि शेजारी बोलतात, दुचाकी आतल्या बाजूला लागते. खोलीत उन्हाळ्यात उकडतं, दोन पंखे आहेत.

आणखी एक महत्त्वाचं म्हणजे ज्यांचं अगदी बेसिक कच्चं आहे, साधं 'ही गोज' की 'ही गो' इथेच अडतं, त्यांना इथे पहिला महिना जड जातो. आमच्या बॅचमधल्या दोन बायका म्हणूनच सोडून गेल्या, वाईट वाटलं, कारण त्या मनापासून यायच्या. मॅडमनी त्यांच्यासाठी वेगळी बॅच काढावी असं मी त्यांना बोलले आहे, दुपारची काढली तर घरच्या बायकांना येता येईल, बघू त्या काय ठरवतात. एमपीएससीवाल्यांनी यावं, पण ऑब्जेक्टिव्ह प्रश्नांचा सराव इथे होत नाही, तो स्वतः करावा लागेल. कॉलेजच्या मुलांनी सुट्टीत करून टाकावा. आणि माझ्यासारखे जे नोकरीत आहेत, मराठी मीडियममधून शिकलेत, काम इंग्रजीतून करावं लागतं आणि कुणाला विचारायला संकोच वाटतो, त्यांनी तर नक्की जावं. इथे विचारायला संकोच वाटत नाही, मॅडम चुकलेलं वाक्य फळ्यावर घेतात पण कुणाचं ते सांगत नाहीत, आणि साठीचे एक काका बँकेतून रिटायर होऊन नुसत्या आवडीनं पहिल्या बाकावर येऊन बसतात.

पहिले दोन तास बसून बघायला पैसे घेत नाहीत. संध्याकाळची साडेसहाची बॅच लवकर भरते, सकाळची साडेसातची शक्यतो रिकामी असते, ऑफिस दहाचं असेल तर तीच घ्या. फी दोन हप्त्यांत दिली तरी चालते. घर सापडलं नाही तर कॉलेजच्या समोर चहाच्या गाड्यावर मॅडमचा क्लास म्हणून विचारा, तिथले सगळे सांगतात.